कॉलेजात शिकता शिकता सरकारी नोकरी आणि इंटर्नशिप: नेमकी सुरुवात कुठून करावी?

पूर्णाकाठ | २ फेब्रुवारी, रात्री ९:२०

सर्वांना नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. भूशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. घरी चार एकर कोरडवाहू जमीन आहे आणि मोठा भाऊ पदवी झाल्यापासून तीन वर्षे पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करतो आहे. त्याची अभ्यासिका, खोली आणि मेस यांचा खर्च सोयाबीन विकून भागवला जातो, आणि ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी वडील कोणाकडून तरी उसने घेतात. भावाच्या कष्टांविषयी मला अजिबात शंका नाही. परंतु पदवी हाती आल्यावर मगच शोधाला लागायचे आणि त्यासाठी घरावर दुसरे ओझे टाकायचे, हे मला करायचे नाही.

म्हणून विचारते. पदवी पूर्ण होण्याआधी कोणत्या सरकारी नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो? शिकत असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी कार्यालयात इंटर्नशिप मिळते का? आणि पुढच्या दीड वर्षात मी काय करून ठेवावे? मोबाइलवर रोज दहा-बारा जाहिराती येतात, पण त्यांतली आपल्यासाठी कोणती, हे सांगणारे जवळपास कोणी नाही.

सह्यकडा | २ फेब्रुवारी, रात्री १०:४५

मी मुंबईत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे आणि बारावीच्या पात्रतेवर लागलो आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने देऊ शकतो.

जाहिराती पदाच्या नावाने न वाचता पात्रतेच्या पायरीने वाच. दहावीवर कर्मचारी निवड आयोगाची एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ, म्हणजे कार्यालयातली शिपाई वगैरे पदे) परीक्षा, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील शिपाईपदे आणि ग्रामीण डाक सेवक ही भरती असते. बारावीवर त्याच आयोगाची सीएचएसएल (संयुक्त उच्च माध्यमिक स्तर) परीक्षा असते, तिच्यातून मी लागलो. कनिष्ठ लिपिकाचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून सुरू होते आणि वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी १८ ते २७ आहे. राज्यातली पोलीस शिपाई भरतीही बारावीवरच होते. तिथे मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. म्हणजे तू आज, दुसऱ्या वर्षात असतानाच, या सगळ्यांना पात्र आहेस. तालुक्याच्या मुलांना बऱ्याचदा वाटते की पदवीशिवाय अर्जच भरता येत नाही, आणि तिथेच दोन-तीन वर्षे निघून जातात.

आणखी एक. एमटीएसची परीक्षा २०२३ पासून आणि सशस्त्र दलांच्या शिपाईपदाची परीक्षा २०२४ पासून मराठी आणि कोकणीसह तेरा प्रादेशिक भाषांतही घेतली जाऊ लागली. इंग्रजी-हिंदीच्या धास्तीने ज्यांनी केंद्राच्या परीक्षांकडे पाहिलेच नाही, त्यांनी आता तरी पाहावे. आयोगाचे शुल्क १०० रुपये आहे आणि महिलांना ते माफ आहे.

निवृत्तमास्तर | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

सह्यकडा यांनी पायऱ्या नीट सांगितल्या. त्यात भर घालतो. पदवीच्या पायरीवरच्या काही परीक्षाही शेवटच्या वर्षात असताना देता येतात. राज्यसेवा पूर्वपरीक्षेला पदवीच्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी बसू शकतो. मात्र मुख्य परीक्षेचा अर्ज भरेपर्यंत तो पदवी उत्तीर्ण झालेला असावा लागतो. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतही तशी मुभा आहे, पण तिथे किमान वय २१ आहे आणि खुल्या प्रवर्गाला एकूण सहाच प्रयत्न मिळतात. पूर्वपरीक्षेचा एक पेपर जरी दिला तरी तो प्रयत्न धरला जातो. त्यामुळे 'सहज बसून पाहू' म्हणून तिथे बसू नये.

आता इंटर्नशिपविषयी. मी तीस वर्षे महाविद्यालयात शिकवले आणि शेवटची काही वर्षे विद्यार्थ्यांना योजनांची माहिती देण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून जरा तपशिलाने लिहितो. 'युवा' हा शब्द नावात असलेली प्रत्येक योजना विद्यार्थ्यासाठी असते असे नाही. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. त्या वेळी बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन जाहीर झाले. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी आनंदाने नोंदणी केली. शासन निर्णयात मात्र स्पष्ट लिहिले होते की ज्यांचे शिक्षण चालू आहे ते उमेदवार पात्र नाहीत. केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा तीही २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण न घेणाऱ्या तरुणांसाठी होती, आणि ते प्रशिक्षण सरकारी कार्यालयात नसून मोठ्या कंपन्यांत होते. मुख्यमंत्री फेलोशिपचे आकर्षण सर्वांनाच असते, पण तिला पदवीत ६० टक्के गुण आणि वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो.

या योजना वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. पदवीनंतर त्या उपयोगी पडतील. पण बातमीचा मथळा वाचून अर्ज करण्याची सवय मोडा आणि शासन निर्णयातला 'पात्रता' हा परिच्छेद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नियम बदलतात, म्हणून दर वर्षी पुन्हा वाचा.

पूर्णाकाठ | ३ फेब्रुवारी, रात्री ८:०५

सर, मनापासून आभार. मीही त्या योजनेत नाव नोंदवले होते आणि मला उत्तर का आले नाही ते आज कळले. म्हणजे शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी सरकारी इंटर्नशिप जवळजवळ नाहीच, असे समजायचे का?

चंद्रभागा | ३ फेब्रुवारी, रात्री ११:३०

आहे, पण ती कोणाला परवडते हेही पाहावे लागते.

मी सोलापूरची, अर्थशास्त्रात एम.ए. केले. नीती आयोगाची इंटर्नशिप विद्यार्थ्यांसाठीच आहे. दर महिन्याच्या १ ते १० तारखेदरम्यान अर्ज घेतले जातात आणि कालावधी सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत असतो. पदवीच्या विद्यार्थ्याची दोन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि बारावीला ८५ टक्के लागतात. पण तिथे मानधन नाही. दिल्लीत राहण्याजेवण्याचा खर्च आपला. माझी निवड होण्याइतके गुण होते, तरीही मी अर्ज केला नाही, कारण वडिलांकडे सहा आठवड्यांच्या दिल्लीच्या खर्चाविषयी बोलण्याचे माझे धाडस झाले नाही. त्याच वर्षी माझ्यासोबतची एक मुलगी गेली. तिचे मामा दिल्लीत होते. तिची गुणवत्ता माझ्याहून कमी होती असे मी म्हणत नाही, पण तिला मामा होते.

रिझर्व्ह बँकेच्या उन्हाळी प्रशिक्षणात विद्यावेतन मिळते, पण ते मुख्यतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. तुला ते दोन वर्षांनी कामास येईल. त्याचे अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात भरायचे असतात, उन्हाळ्यात जाग येऊन उपयोग नाही. विज्ञानाच्या मुलांची स्थिती आमच्यापेक्षा थोडी बरी आहे. तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिच्यात दोन महिने एखाद्या संस्थेत काम करता येते आणि विद्यावेतनही मिळते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या केंद्रासारख्या संस्थांचे सुट्टीतले उपक्रम असतात. भूशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून तू अकादम्यांची जाहिरात चुकवू नकोस.

माझी सूचना एवढीच आहे की विनावेतन इंटर्नशिप करायचीच असेल तर ती अशा गावी कर जिथून संध्याकाळी घरी परतता येईल.

कोरडवाहू | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

मी थोडा वेगळा सूर लावतो, त्याबद्दल राग मानू नये.

मी पाच वर्षे पुण्यात काढली. राज्यसेवेची वर्णनात्मक मुख्य परीक्षा कधीपासून लागू करायची यावरून २०२३ मध्ये झालेल्या आंदोलनात मी रस्त्यावर बसलो होतो, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवशी दोन परीक्षा आल्या तेव्हाही बसलो होतो. तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते आणि खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये शुल्क होते. २०१९ ची जिल्हा परिषद भरती आम्ही अर्ज भरल्यानंतर रद्दच झाली. या सगळ्यातून गेल्यावर मी कोणत्याही दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगेन की महाविद्यालयाची तीन वर्षे परीक्षांच्या नादात घालवू नका. आपला विषय शिका. मी भूगोल घेऊन पदवीधर झालो, पण तिसऱ्या वर्षी वर्गात बसून चालू घडामोडींच्या पुस्तिका वाचत होतो. आज मला ना भूगोल धड येतो, ना परीक्षेने हात दिला. एमटीएस, सीएचएसएल, पोलीस, तलाठी असे एकदम चार अर्ज भरणारा मुलगा चारही ठिकाणी अर्धवट राहतो.

टपालवाट | ४ फेब्रुवारी, दुपारी २:१५

कोरडवाहू दादा, तुमची पाच वर्षे आणि तुमचा सल्ला, दोन्हींविषयी आदर आहे. तरीही माझा अनुभव सांगतो, कारण तो तुमच्याहून निराळा आहे.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षात असताना ग्रामीण डाक सेवक भरतीचा अर्ज भरला. परीक्षा नव्हती. दहावीच्या गुणांवर यादी लागते, दहावीपर्यंत मराठी शिकलेले असावे लागते आणि वय १८ ते ४० चालते. शाखा डाकपाल म्हणून निवड झाली. मानधन १२,००० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. काम दिवसाचे चार-पाच तासांचे, पण ज्या गावाची शाखा त्याच गावात राहावे लागते आणि कार्यालयासाठी जागाही आपणच दाखवावी लागते. नियमित महाविद्यालयातली हजेरी जमेना, म्हणून मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात प्रवेश घेऊन पदवी पूर्ण केली.

कामाचे स्वरूपही सांगतो, कारण बाहेरून ते फार किरकोळ वाटते. सकाळी पहिल्यांदा शिक्क्यातली तारीख बदलायची, कोऱ्या कागदावर एक ठसा उमटवून पाहायचा, मग थैली उघडायची. दहा वाजता बायका पैसे काढायला येतात. बोटांच्या ठशावर पैसे मिळतात, आणि ज्यांचे सगळे आयुष्य निंदणी-खुरपणीत गेले त्यांच्या बोटांवर ठसाच उरलेला नसतो. एका आजींचे यंत्राने सहा वेळा नाकारले. मग मी ओल्या फडक्याने त्यांचे बोट पुसले, थोडे थांबलो, दुसऱ्या हाताचे बोट लावून पाहिले आणि ते जुळले. तो दिवस मला अजून आठवतो. सरकारी नोकरी म्हणजे काय हे मला पुस्तिकांतून कळले नव्हते, ते त्या टेबलामागे कळले. आता मी पोस्टमन आणि एमटीएस पदांसाठीच्या खात्यांतर्गत परीक्षेची तयारी करतो आहे, आणि घरून एक रुपया मागवत नाही.

टंकलेखक | ४ फेब्रुवारी, रात्री ९:००

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द, असे शासनमान्य प्रमाणपत्र लागते. परीक्षा पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडून होते. माझ्या वर्गात पदवीनंतर येणारी मुले घाईत असतात आणि बोटे घाईत शिकत नाहीत. दुसऱ्या वर्षातल्या मुलीला रोजचा एक तास सहज काढता येतो. मराठीपासून सुरुवात करावी, कारण मराठीचा कळफलक हाताखाली बसायला जास्त वेळ घेतो.

रानजाई | ५ फेब्रुवारी, रात्री १०:२०

वरच्या बहुतेक प्रतिसादांत परीक्षा हाच मार्ग धरला आहे. मला आपल्या विषयाच्या वाटेने सरकारी कार्यालयात शिरण्याविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या बाबतीत तसेच घडले.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी प्रशिक्षण वर्गाला बसले. तेव्हा घरातले सगळे विचारत होते की हे वाचून नोकरी कुठे मिळणार. मलाही उत्तर ठाऊक नव्हते. मोडीची गंमत अशी की लिहिणारा आधी सबंध ओळभर रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे लटकवत जातो. शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने ओळखायचे. पहिले पंधरा दिवस मला 'सदरहू' आणि 'मौजे' याखेरीज काही लागत नव्हते.

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे बाहेर निघाली. तेव्हा सगळ्या कार्यालयांना एकदम जाणवले की ही कागदपत्रे मोडीत आहेत आणि वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आमच्या तहसील कार्यालयाने महाविद्यालयाकडे विचारणा केली आणि प्राध्यापकांनी माझे नाव दिले. अभिलेख कक्षात लाल कापडात बांधलेले गठ्ठे होते. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची, पाने इतकी ठिसूळ की पान उलटताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे. मी वाचायचे आणि शेजारी बसलेले कारकून काका बाळबोध अक्षरांत उतरवून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी एका पानावर त्यांच्याच गावचे नाव निघाले. ते लिहायचे थांबले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "परत एकदा वाचता का?"

थोडे मानधन मिळाले. त्याहून मोलाचे म्हणजे अभिलेख कक्षाची व्यवस्था, फायलींचे वर्गीकरण, नक्कल देण्याची पद्धत हे सगळे मी आतून पाहिले. नोकरी अजून लागलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण पुराभिलेखांच्या क्षेत्रातल्या पदांसाठी अर्ज करताना आता माझ्याजवळ लिहिण्यासारखे काहीतरी आहे. पूर्णाकाठ, तुझ्या भूशास्त्राला कोणत्या सरकारी खात्यात रोजचे काम आहे, ते आधी शोध.

उंबरठा | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

मी दोन मुलांची आई आहे. विषयाला धरूनच एक गोष्ट लिहिते, कारण ती कोणी लिहिलेली दिसली नाही.

माझ्या मुलाला शेवटच्या वर्षात असताना एका माणसाने एका सरकारी खात्यात 'थेट भरती' करून देतो असे सांगितले. त्याने नेमणुकीचे पत्रही आणून दिले. राजमुद्रा होती, जावक क्रमांक होता, सही होती. प्रशिक्षणाच्या अनामतीच्या नावाखाली आम्ही पैसे दिले, त्यांत माझी पाटल्यांची जोडी गेली. पत्र घेऊन मुलगा त्या कार्यालयात गेला तेव्हा तिथल्या बाईंनी जावक नोंदवही उघडून दाखवली. तो क्रमांक भलत्याच कागदाचा होता. पैसे परत आले नाहीत.

मुलांनो, पैसे मागणारी कोणतीही सरकारी नोकरी किंवा इंटर्नशिप खरी नसते. परीक्षेचे शुल्क फक्त खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर भरले जाते, कोणाच्या हातात नाही. ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर त्याच क्षणी तक्रार करा. आम्ही लाजेखातर आठ दिवस गप्प बसलो, तीच आमची मोठी चूक झाली.

मांडवी | ६ फेब्रुवारी, रात्री ८:३०

गोव्यातल्या मराठी वाचकांसाठी थोडक्यात. आमच्याकडे राज्य सरकारच्या पदांना साधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान आवश्यक असते, मराठीचे ज्ञान इष्ट समजले जाते. गोवा कर्मचारी निवड आयोग आता संगणकावर परीक्षा घेतो. पेडणे-सत्तरीकडची मुले मराठी माध्यमातून शिकलेली असतात आणि कोकणी बोलतात, पण लिहीत नाहीत. त्यांनी महाविद्यालयात असतानाच देवनागरी कोकणी लिहिण्याचा सराव करावा आणि वास्तव्याचा दाखला आधीच काढून ठेवावा. उंबरठा ताई, तुमचे लिहिणे वाचून फार वाईट वाटले. आमच्याकडेही २०२४ मध्ये नोकरीसाठी पैसे घेतल्याची प्रकरणे उघडकीस आली होती. तुम्ही हे इथे मांडलेत ते बरे केलेत.

कोरडवाहू | ७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

टपालवाट आणि रानजाई यांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. माझे म्हणणे थोडे दुरुस्त करतो. दहावी-बारावीच्या पात्रतेवरचा एखादा अर्ज नेमका निवडून भरण्याला माझा विरोध नाही. परीक्षांसाठी विषय सोडण्याला मात्र आजही आहे, आणि रानजाई यांनी तर विषयच धरून ठेवला. मला दुसऱ्या वर्षात असताना कोणी सांगितले असते की भूगोलवाल्याला भूमी अभिलेख आणि नगररचना विभागांत नकाशांचे काम असते, तर मी एकदा तरी तिथे जाऊन पाहिले असते. मी त्या कार्यालयांवरून रोज अभ्यासिकेला जात होतो.

निवृत्तमास्तर | ७ फेब्रुवारी, सायंकाळी ५:५०

रानजाई यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. भूशास्त्राला आपल्या राज्यात रोजचे काम असणारे खाते म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. तिची जिल्हा कार्यालये आहेत. निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजली जाते. गावागावांचे पाणलोट, विंधन विहिरींच्या जागा आणि टंचाईचे अहवाल यांचे काम तिथे चालते.

पूर्णाकाठ, आता नीट लक्ष दे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदवीच्या दुसऱ्या वर्षात क्षेत्र प्रकल्प आणि सहाव्या सत्रात कार्यप्रशिक्षण, म्हणजे ज्याला सगळे ओजेटी म्हणतात ते, ठेवलेले आहे. कार्यप्रशिक्षणाला चार श्रेयांक आहेत. बहुतेक महाविद्यालयांत विद्यार्थी जवळच्या दुकानातून किंवा ओळखीच्या संगणक केंद्रातून प्रमाणपत्र आणून देतात आणि ते श्रेयांक उरकून टाकतात. याचे मला फार दुःख होते. सरकारी कार्यालयात शिकायला जाण्याचा तोच तर तुमचा हक्काचा मार्ग आहे! त्याला वेगळी योजना, वयोमर्यादा किंवा ८५ टक्क्यांची अट नाही. प्राचार्यांचे पत्र आणि कार्यालयप्रमुखांची संमती एवढेच लागते.

पत्र कसे लिहावे तेही सांगतो. 'इंटर्नशिपची संधी द्यावी' एवढेच लिहिले तर ते पत्र टपालात पडून राहते, कारण ही मुलगी नेमकी कोणते काम करणार हे अधिकाऱ्याला समजत नाही. विषय, कालावधी, आठवड्याचे दिवस आणि तुला कोणत्या कामात मदत करता येईल ते लिही. उदाहरणार्थ, मे महिन्याच्या पाणीपातळी मोजणीत सोबत जाणे आणि आकडे तक्त्यात भरणे. मानधनाची अपेक्षा नाही हे स्पष्ट लिही. पत्र स्वतः घेऊन जा, आवक शाखेत देऊन प्रतीवर शिक्का घे आणि आठ दिवसांनी पुन्हा जा.

कागदपत्रांची आठवणही करून देतो, कारण निवड होऊनही मुले इथे अडकतात. माझ्या एका विद्यार्थ्याचे नाव यादीत आले, पण त्याच्या नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रावरची तारीख अर्जाच्या अंतिम मुदतीनंतरची होती. नऊ दिवसांचा फरक. पडताळणीच्या टेबलावर अधिकाऱ्यांनी बोट त्या तारखेवर ठेवले आणि ते उचललेच नाही. वय, अधिवास, जात आणि जात वैधता, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, हे सगळे दुसऱ्या वर्षातच काढायला घ्या. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव जसे आहे तसेच आधारवर आहे का, तेही आजच पाहा.

सह्यकडा | ७ फेब्रुवारी, रात्री ९:१५

सरांच्या पत्राच्या सूचनेला पूर्ण अनुमोदन. कार्यालयात बसणारा माणूस म्हणून सांगतो, नेमके काम लिहिलेला अर्ज आम्ही वर पाठवतो. दुसरे असे की आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या खात्यात मंजूर पदे किती आणि रिक्त किती, हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर विचारता येते आणि उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. ज्या खात्यात जायचे त्याची पदे ठाऊक असलेली बरी.

चंद्रभागा | ८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

आणि ते कार्यालय संध्याकाळी घरी परतण्याच्या अंतरावर आहे! पूर्णाकाठ, पुढे काय झाले ते नक्की कळव.

पूर्णाकाठ | २४ मे, रात्री ९:४०

उशिरा लिहिते आहे. परीक्षा होत्या आणि मधे बऱ्याच गोष्टी घडल्या.

सरांनी सांगितल्याप्रमाणे पत्र लिहिले. प्राचार्यांनी सही दिली, पण भूजलच्या जिल्हा कार्यालयात पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेला पत्र सापडेना, तेव्हा शिक्का मारलेली प्रत दाखवली. तिसऱ्या खेपेला वरिष्ठ भूवैज्ञानिक स्वतः भेटले. त्यांनी पत्र वाचले आणि "मे महिन्यात उन्हात फिरायची तयारी आहे का?" एवढेच विचारले. या महिन्यात मी पाच दिवस त्यांच्या पथकासोबत होते. हाच माझा क्षेत्र प्रकल्प म्हणून महाविद्यालयाने मान्य केला आहे.

पहिल्या दिवशी आम्ही ज्या विहिरीवर गेलो ती आमच्याच गावापासून सात किलोमीटरवर आहे. कठड्यावर रंगाने एक खूण केलेली असते, तिथूनच दर वेळी मोजायचे, म्हणजे मागच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना करता येते. फितीच्या टोकाला वजन बांधलेले होते. ते पाण्याला टेकले की हाताला एकदम हलके लागते. पहिल्यांदा मला ते कळलेच नाही आणि मी फीत खाली सोडतच राहिले. भूवैज्ञानिक साहेबांनी ती पुन्हा ओढायला लावली. दुसऱ्यांदा कळले. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली नोंदवहीत लिहिली, आणि वरच्या रकान्यात याच विहिरीचे मार्चचे आणि गेल्या मेचे आकडे होते. वर्गात 'बेसाल्टमधील भूजल' हा धडा मी पाठ केला होता, पण विहिरीच्या भिंतीवर मांजऱ्या खडकाचा ओलसर पट्टा आणि त्याच्याखालचा कोरडा काळा पाषाण प्रथमच पाहिला.

सह्यकडा दादा, तुमच्या सांगण्यावरून सीएचएसएलचा अर्ज भरायचे ठरवले आहे, आणि तेवढाच. मराठी टंकलेखनाचा वर्ग एप्रिलपासून सुरू केला. अधिवास दाखला मिळाला आहे. आधारवर माझे नाव एका अक्षराने चुकीचे होते, ते दुरुस्तीला दिले आहे.

भावाला रानजाई ताई आणि कोरडवाहू दादा यांचे प्रतिसाद वाचायला पाठवले होते. तो कृषी पदवीधर आहे. परवा त्याचा फोन आला आणि त्याने विचारले की आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राला पत्र लिहायचे झाले तर ते कोणाच्या नावे लिहावे. मास्तर सर, हे आपण सांगू शकाल का? तो जूनमध्ये पेरणीसाठी गावी येणार आहे.

निवृत्तमास्तर | २५ मे, सकाळी ६:४५

केंद्राच्या प्रमुखांच्या, म्हणजे वरिष्ठ शास्त्रज्ञ व प्रमुख यांच्या नावे लिहावे. पेरणीचे दिवस असल्याने त्यांच्याकडे शेतावरच्या प्रात्यक्षिकांची गडबड असेल, तेव्हा त्याने पत्रात त्याच कामाचा उल्लेख करावा. त्याला मसुदा इथेच टाकायला सांग, मी पाहून देतो.